तोंडी सांगितलेलं कागदावर आणा: पंचायत आणि पालिका कर्मचाऱ्यांसाठी वर्तणूक नियम, रोजच्या कामात

पंचायतीच्या काउंटरवर एक जण बांधकाम परवान्याचा अर्ज ठेवतो. ‘एक कागद कमी आहे, सोमवारी आणून देतो, तोवर राहू दे तुमच्याकडे,’ असं म्हणून तो निघून जातो. कारकून भिडेखातर अर्ज ड्रॉवरमध्ये टाकतो. आवक क्रमांक नाही, पोच नाही. सोमवार येतो आणि जातो. दोन महिन्यांनी गटविकास अधिकाऱ्याकडे तक्रार पोचते की अर्ज मुद्दाम दाबून ठेवला आणि पैसे मागितले. पैशांचा विषय कधी निघालेलाच नसतो, पण तसं दाखवायला कारकुनाकडे एक ओळसुद्धा नसते.

गोव्यात १९१ ग्रामपंचायती, दोन जिल्हा पंचायती, तेरा नगरपालिका आणि पणजी महानगरपालिका आहे. या कचेऱ्या लहान असतात आणि अर्जदार बहुधा ओळखीचा असतो, शेजारचा किंवा नात्यातला. वर्तणूक नियम मोडतात ते बहुतेक या ओळखीपायी. म्हणून इथे तत्त्वांपेक्षा काउंटर, फाईल आणि रजिस्टर यांच्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

आधी नेमणूकपत्र काढा

पंचायत सचिव हा पंचायत खात्याचा, म्हणजे सरकारी कर्मचारी. त्याला केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ लागू होतात आणि शिस्तभंगासाठी त्याच सेवेचे १९६५ चे वर्गीकरण, नियंत्रण व अपील नियम. पंचायतीने स्वतः नेमलेला कारकून किंवा शिपाई आणि नगरपालिका कायदा, १९६८ खालचा पालिका कर्मचारी यांच्या सेवाशर्ती वेगळ्या असू शकतात. नेमणूकपत्राच्या शेवटच्या परिच्छेदांत कोणते नियम लागू ते लिहिलेलं असतं. ते पान आज काढून वाचा आणि एक प्रत घरी ठेवा.

‘मी कंत्राटी आहे, मला काय लागू होतंय’ हा समज मात्र आजच सोडा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ प्रमाणे स्थानिक संस्थेच्या सेवेत किंवा पगारावर असलेली प्रत्येक व्यक्ती लोकसेवक आहे. रोजंदारीवर कचरा उचलणाऱ्या गाडीचा चालकही त्यात येतो.

काउंटर: पोच, क्रमांक, पावती

अर्ज आला की त्याच वेळी आवक रजिस्टरात नोंद करा आणि अर्जदाराच्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही द्या. कागद अपुरे असले तरी अर्ज घ्यायचा. अपुरा अर्ज परत ढकलणं किंवा नोंद न करता ठेवून घेणं, दोन्ही चूक. काय कमी आहे ते लेखी कळवा आणि त्या पत्राचा जावक क्रमांक अर्जाच्या कोपऱ्यात लिहा. ‘एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कांची नोंद) जोडलेला नाही, सनदेची (जमीन बिगरशेती वापरासाठी बदलल्याचा दाखला) प्रत अस्पष्ट आहे’ इतकं नेमकं लिहावं. ‘कागदपत्रे अपुरी’ एवढाच शेरा मारला की अर्जदार चार हेलपाटे घालतो आणि पाचव्या वेळी त्याला कुणीतरी ‘मध्यस्थ’ भेटतो.

मुदतीचा हिशेब आवक तारखेपासून चालतो. गोवा पंचायत राज कायदा, १९९४ च्या कलम ६६ खाली बांधकाम परवान्याच्या अर्जावर ३० दिवसांत निर्णय कळवायचा असतो. नाही कळवला तर अर्जदार पंचायत उपसंचालकांकडे अपील करू शकतो. इतर दाखल्यांसाठी वेळेत सेवा देण्याच्या २०१३ च्या गोव्याच्या कायद्याखाली सेवानिहाय मुदती अधिसूचित आहेत. तो तक्ता आतल्या कपाटात न ठेवता काउंटरसमोर लावा. लोक तो वाचतात, आणि भांडणं निम्म्याने कमी होतात.

अर्ज रांगेच्या क्रमाने घ्या. क्रम मोडायचाच असेल, म्हणजे इस्पितळासाठी दाखला हवा आहे किंवा परदेशी जायचं आहे, तर फाईलवर कारण लिहून क्रम मोडा. कारण लिहिलेली सवलत खपून जाते. न लिहिलेली सवलत म्हणजे पक्षपात.

आता पैसे. घरपट्टी, परवाना फी, दंड, जे काही घ्याल त्याची पावती नोटा मोजून होताच फाडा. ‘पावती उद्या घेऊन जा’ हे वाक्य लेखापरीक्षणात सगळ्यात महागात पडतं. पावती चुकली तर ती पुस्तकातून काढून टाकू नका. मूळ आणि कार्बन प्रत दोन्ही जागेवर ठेवा, आडवी रेघ मारा, ‘रद्द’ लिहा आणि सही करा. दिवसाची बेरीज रोकड वहीत त्याच दिवशी यावी आणि रक्कम बँकेत त्याच दिवशी किंवा पुढच्या कामाच्या दिवशी भरावी. पावतीची तारीख आणि भरण्याची तारीख यांत आठ दिवसांचं अंतर दिसलं, तर पैसे पूर्ण भरलेले असले तरी ‘तात्पुरता अपहार’ हा शब्द अहवालात येतो.

अलीकडची नवी खोड म्हणजे शिपायाच्या मोबाईलवर गूगल पे करून घेणं. सुटे पैसे नसतात, यंत्र बंद असतं, माणूस म्हणतो, ‘तुझ्या नंबरवर टाकतो, तू रोख भर.’ हेतू चांगलाच असतो. पण बँकेच्या खातेउताऱ्यात दिसतं ते इतकंच: अर्जदाराकडून कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात रक्कम आली. संस्थेच्या खात्याचा क्यूआर कोड नसेल तर रोख किंवा धनादेश, तिसरा मार्ग नाही.

‘सायबाने सांगितलं’

या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. वर्तणूक नियमांतला नियम ३ सांगतो की वरिष्ठाचा आदेश सामान्यतः लेखी असावा. तोंडी द्यावाच लागला तर वरिष्ठाने तो लगेच लेखी पक्का करावा. आणि ज्याला तोंडी आदेश मिळाला त्याने शक्य तितक्या लवकर लेखी पुष्टी मागून घ्यावी. पुष्टी मागणं हा उद्धटपणा नाही, ते नियमाने दिलेलं काम आहे. पुष्कळ सचिवांना पहिला भाग माहीत असतो, दुसरा नसतो.

लिहायचं कसं? रागाने नाही, खुलासा म्हणूनही नाही, साध्या टिपणीसारखं. नमुना असा:

‘आज दि. ____ रोजी सकाळी ११.२० वाजता माननीय सरपंचांनी दूरध्वनीवरून सर्व्हे क्र. ____ मधील बांधकामाची पाहणी पुढील आठवड्यापर्यंत थांबवण्यास सांगितले. तक्रारदारास पाहणीची तारीख आधीच कळवली असल्याने याबाबत लेखी सूचना मिळावी, ही विनंती.’

ही टिपणी त्याच दिवशी फाईलवर चढवा, पान क्रमांक घाला आणि फाईल पुढे पाठवा. ई-मेलने पाठवली तरी चालेल. व्हॉट्सअ‍ॅपवर आदेश आला असेल तर त्याचा मजकूर टिपणीत उतरवून घ्या, कारण मोबाईल बदलतो आणि फाईल राहते. अशा टिपण्यांपैकी बऱ्याच नुसत्या लिहिल्यानेच काम करतात: लेखी द्यायची वेळ आली की तोंडी आदेश मागे घेतला जातो.

सरपंच हा पंचायतीचा प्रमुख असला तरी सचिवावरची खात्याची देखरेख गटविकास अधिकारी आणि पंचायत संचालनालयामार्फत चालते. पंचायत मंडळाने कायद्यात न बसणारा ठराव घेतला तर सचिवाने सभेत वाद घालत बसू नये. ठराव जसा झाला तसाच इतिवृत्तात लिहावा, कायद्याची अडचण आपण सभेत निदर्शनास आणली ही नोंद त्याच इतिवृत्तात घ्यावी आणि ठरावाची प्रत जोडून गटविकास अधिकाऱ्याला कळवावं. इतिवृत्त ‘सुधारून’ लिहिणं हा ठरावापेक्षा मोठा गुन्हा ठरतो. दोन ठरावांच्या मध्ये मोकळ्या ओळी सोडू नका. सोडलेल्या ओळींत काय काय येऊन बसतं ते कुठल्याही तालुक्याच्या कचेरीत विचारा.

बेकायदा बांधकामाच्या तक्रारीत हे दुप्पट लागू. पाहणीला गेलात की तारीख, वेळ, हजर माणसं, बांधकामाचं मोजमाप आणि फोटो, सगळं पंचनाम्यात आलं पाहिजे. रस्त्याकडेच्या आणि शेतातल्या बेकायदा बांधकामांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२५ मध्ये सचिव आणि तलाठी यांच्या जबाबदारीवर नेमकं बोट ठेवलं. ‘माझ्या लक्षात आलं नव्हतं’ या उत्तराला त्यानंतर फारसा अर्थ उरलेला नाही.

मानकुरादची पेटी

भेटवस्तूंबद्दल नियम १३. तो नीट वाचला तर तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतो, आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

लग्न, बारसं, चवथ अशा प्रसंगी जवळच्या नातलगांनी किंवा ज्यांचं आपल्या टेबलावर काम नाही अशा मित्रांनी दिलेली भेट घेता येते, ठराविक रकमेवर गेली तर कळवावी लागते. गट ‘क’ साठी, म्हणजे कारकून वगैरेंसाठी, ती रक्कम ७,५०० रुपये आहे. इतर कुणाकडून भेट घ्यायची तर गट ‘क’ च्या कर्मचाऱ्याला २,००० रुपयांच्या वर आणि गट ‘अ’, ‘ब’ ला ५,००० च्या वर सरकारची मंजुरी लागते. केंद्रीय नियमांत हे शेवटचे दोन आकडे २०१९ पासून असे आहेत. एखाद वेळचं जेवण, गाडीतून सोडणं, चहा-भजी ही भेट धरली जात नाही. पण ज्याचं आपल्याकडे काम आहे त्याचं वारंवार किंवा थाटाचं आतिथ्य टाळा, असंही तिथेच म्हटलं आहे. फुकटात मिळालेली हॉटेलची खोली किंवा भाड्याची गाडी हीसुद्धा भेटच.

आता २,००० ही मर्यादा वाचून कुणी निर्धास्त होऊ नये. पहिलं कारण, हंगामाच्या सुरुवातीला डझनभर मानकुराद आंब्यांची किंमत हजारांत जाते. पेटी तर सोडाच. दुसरं आणि खरं कारण, ही मर्यादा वर्तणूक नियमांतली आहे. फौजदारी कायद्यात मर्यादा नाही. ज्याचा भोगवटा दाखला तुमच्या टेबलावर आहे त्याने त्या कामासाठी दिलेली काजूची दोन पाकिटंही लाच ठरू शकतात.

नाताळात आणि दिवाळीत ठेकेदारांकडून येणाऱ्या पेट्यांसाठी आधीच ठरवून टाका. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ‘या कार्यालयात भेटवस्तू स्वीकारल्या जात नाहीत’ असा फलक लावला की नको म्हणताना तोंड वाईट होत नाही. तरी कुणी ठेवून गेला तर? पाकीट उघडू नका, ड्रॉवरमध्ये सरकवू नका. दोन सहकाऱ्यांना बोलवा, देणाऱ्याला फोन करून परत न्यायला सांगा, आणि कोण, केव्हा, काय ठेवून गेलं याची टिपणी त्याच दिवशी वरिष्ठाकडे पाठवा. दुसऱ्या दिवशी पाठवलेली टिपणी ‘पकडल्यावर सुचलेली’ वाटते.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं २०१८ च्या दुरुस्तीनंतरचं कलम ७ कडक आहे: तीन ते सात वर्षं कैद आणि दंड. मागणी करणं, घेण्याचा प्रयत्न करणं एवढंही पुरतं. ‘काम नियमातलंच होतं, मी काही वाकडं केलं नाही’ हा बचाव चालत नाही. नियमातलं काम करायला पैसे घेणं हाच गुन्हा. पैसे दुसऱ्यासाठी घेतले, पंचासाठी घेतले, क्लबच्या वर्गणीला घेतले, तरी फरक पडत नाही. वर्गणीचं तर वेगळंच: शिगम्याची किंवा नरकासुराची पावतीपुस्तकं कचेरीच्या टेबलावर दिसता कामा नयेत. कोणत्याही कारणासाठी निधी गोळा करायला नियम १२ प्रमाणे आधी मंजुरी लागते. एक गोष्ट नागरिकांनाही सांगण्यासारखी आहे. लाच द्यायला भाग पाडलं गेलेल्याने सात दिवसांत तक्रार केली तर त्याच्यावर गुन्हा लागत नाही. दक्षता खात्याचा भ्रष्टाचारविरोधी विभाग अशा तक्रारी घेतो.

घरचं काम, घरचा धंदा

भावाचा व्यापार परवाना तुमच्या टेबलावर आला तर अर्ज नोंदवा आणि ‘अर्जदार माझा सख्खा भाऊ असल्याने ही फाईल दुसऱ्याकडे द्यावी’ असं लिहून वरिष्ठाकडे पाठवा. लहान गावात सगळेच नातलग, मग कुणाची फाईल बघायची, असा प्रश्न रास्त आहे. व्यवहारात रेघ घरच्या माणसांवर, सख्ख्या नात्यांवर आणि ज्यांच्याकडे घरचा कुणी नोकरीला आहे त्यांच्यावर मारा. बाकी गाववाल्यांचं काम आवक क्रमाने करा.

जोडधंदा हा किनारी भागातला मोठा विषय. स्वतःच्या नावावर धंदा करायला नियम १५ प्रमाणे आधी मंजुरी लागते. बायकोच्या नावावर होमस्टे किंवा रेंट-अ-बाईक असेल तर ते खात्याला कळवावं लागतं. कळवणं म्हणजे परवानगी मागणं नव्हे, पण न कळवणं हा स्वतंत्र ठपका. त्या होमस्टेचा ना हरकत दाखला तुमच्याच पंचायतीतून जाणार असेल तर वर सांगितलेली टिपणी न विसरता लिहा.

जत्रेतल्या नाटकात काम करायला, प्रसंगोपात्त लिहायला मंजुरी लागत नाही, कचेरीच्या कामात खोळंबा झाला नाही म्हणजे झालं. मात्र निवडून यायच्या पदाला लागते. देवस्थान समितीचा अध्यक्ष, सहकारी पतसंस्थेचा संचालक, कोमुनिदादीचा (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचा) पदाधिकारी अशा पदांसाठी अर्ज भरण्याआधी खात्याला विचारा. निवडून आल्यावर विचारणारेच जास्त आढळतात.

स्थावर मालमत्ता घेताना किंवा विकताना खात्याला आधी कळवायचं असतं. समोरचा माणूस आपल्याकडे काम असलेला, म्हणजे बिल्डर वगैरे असेल तर नुसतं कळवून भागत नाही, पूर्वमंजुरी लागते. जंगम वस्तू, म्हणजे गाडी, सोनं, शेअर, दोन महिन्यांच्या मूळ वेतनापेक्षा महाग असेल तर महिनाभरात कळवा. गोव्यात लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसला तर पती-पत्नीची मालमत्ता समाईक धरली जाते, त्यामुळे ‘ते तिच्या नावावर आहे’ हे उत्तर इथे आणखी लंगडं पडतं. वारसाहक्काने आलेला वाटाही विवरणात लिहा. लपवण्यासारखं काही नसताना लपवल्यासारखं दिसणं, हा यातला सगळ्यात फुकटचा ताप.

निवडणूक आणि व्हॉट्सअ‍ॅप

पंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हावर होत नाहीत, म्हणून त्या ‘राजकारण’ नाहीत असं काही जण धरून चालतात. नियम ५ मध्ये स्थानिक संस्थेच्या निवडणुकीतला प्रचारही मना आहे. अंगावर, गाडीवर किंवा घरावर उमेदवाराचं चिन्ह लावणं म्हणजे प्रभाव टाकणं, असा खुलासा तिथेच आहे. मत द्या, कुणाला दिलं ते सांगू नका. उमेदवाराचा बॅनर असलेला स्टेटस काढून टाका.

गावच्या ग्रुपवर सरकारी धोरणावर टीका, फाईलमधल्या पानाचा फोटो, अर्जदाराचं आधार कार्ड, यांतलं काहीही टाकू नका. ‘कोणाचा अर्ज आलाय’ एवढं सांगणंही नको. बदली थांबवण्यासाठी आमदाराचं पत्र आणणं नियम २० प्रमाणे गैरवर्तन आहे, हे लिहिताना हसू येतं, पण शिस्तभंगाच्या प्रकरणात ते पत्र फाईलवर निघालं की कुणी हसत नाही.

माहिती अधिकाराचे अर्ज ३० दिवसांत. आपल्याकडे नसलेली माहिती दुसऱ्या खात्याची असेल तर पाच दिवसांत अर्ज तिकडे वळवा. दंड दिवसाला २५० रुपये, कमाल २५,०००, आणि तो माहिती अधिकाऱ्याला स्वतः भरावा लागतो, पंचायतीच्या निधीतून नाही. ‘फाईल सापडत नाही’ हे माहिती नाकारण्याचं कारण कायद्यात नाही.

महिला सहकाऱ्यांशी किंवा काउंटरवरच्या महिलांशी वागण्याबद्दल फार न लांबवता: लैंगिक छळ हा नियम ३-क खाली गैरवर्तन आहे. दहापेक्षा कमी माणसांच्या कचेरीत अंतर्गत समिती नसते, म्हणून तक्रार नाही असं नव्हे. जिल्ह्याची स्थानिक समिती ती घेते. घटनेपासून तीन महिन्यांची मुदत आहे.

नोटीस आलीच तर

कारणे दाखवा नोटीस हातात पडली की पोच देताना तारीख घाला, कारण मुदत तिथून सुरू होते. त्याच दिवशी उत्तर लिहायला बसू नका. आधी नोटिशीत उल्लेख असलेल्या कागदांच्या प्रती लेखी मागा. उत्तर मुद्देनिहाय द्या, प्रत्येक मुद्द्याखाली पान क्रमांकासह पुरावा. न झालेली गोष्ट नाकारा, झालेली कबूल करा. ‘सर्व आरोप खोटे’ अशा एका ओळीवर चौकशी अधिकारी फारसा विश्वास ठेवत नाही. कुणी ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला तर निलंबन झालेलंच धरलं जातं, त्यासाठी वेगळ्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. शिक्षेविरुद्ध अपिलाला आदेश मिळाल्यापासून ४५ दिवस.

बदली झाली की चार्ज देताना घाई करू नका. रोकड वहीची अखेरची शिल्लक, न वापरलेल्या पावती पुस्तकांचे पहिले आणि शेवटचे क्रमांक, शिक्के, कपाटांच्या किल्ल्या, प्रलंबित माहिती अर्जांची तारखेसह यादी, न्यायालयात चालू असलेली प्रकरणं आणि पुढच्या तारखा, हे सगळं यादीत लिहून दोघांच्या सह्या घ्या. दोन प्रती करा. एक कचेरीत, दुसरी तुमच्या घरी, नेमणूकपत्राशेजारी.